दिवाळं निघालं तर भाड्याचं घर जातं का?

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेच्या आधी सातवीतल्या एका मुलीची आई शाळेत दाखला मागायला आली. वर्ष अर्ध्यावर असताना दाखला कशाला, असं विचारलं तर आधी म्हणाल्या, "टीचर, गावाला जातोय." मग रडायलाच लागल्या. नवऱ्याचा सुताचा धंदा. बाहेर उधारी अडकलेली, स्वतःची देणी थकलेली, बँकेची नोटीस आलेली, वर दोन खासगी सावकार. कुणीतरी सांगितलं होतं की आता कोर्टात नादारीचा अर्ज करावा लागेल, आणि एकदा का कोर्टाने दिवाळखोर ठरवलं की भाड्याचं घरसुद्धा जातं. त्यापेक्षा इज्जतीने आधीच निघून जा. म्हणून ही मंडळी सासऱ्यांच्या काळापासूनची पगडीची खोली शेठला परत देऊन गावी निघाली होती. शेठ थोडी रक्कम हातावर ठेवायला तयार होता. तो तयार असणारच!

मी त्यांना एवढंच म्हटलं की आज कुठेही सही करू नका. त्या संध्याकाळी आम्ही एका ओळखीच्या वकिलांकडे गेलो. तिथे जे कळलं आणि नंतर मी विचारून, वाचून जे समजून घेतलं, ते इथे लिहिते आहे. मी वकील नाही, शिक्षिका आहे. पण ही माहिती नसल्यामुळे आपल्याकडची कुटुंबं हातातलं घर सोडून देतात, आणि आपल्याला भाड्याने नवीन घर मिळवणं किती अवघड जातं ते मी सांगायची गरज नाही.

थोडक्यात सांगायचं तर, दिवाळखोर ठरल्यामुळे भाड्याचं घर आपोआप जात नाही. घर जातं ते भाडं थकल्यामुळे, करार संपल्यामुळे, किंवा घाबरून केलेल्या एखाद्या चुकीमुळे. आता हे नीट बघू.

"नादारी" हा शब्द जुन्या लोकांना शाळेतून माहीत आहे. फी माफ व्हावी म्हणून नादारीचा अर्ज भरायचे. नादार म्हणजे ज्याच्याकडे नाही तो, फारसीतून आलेला शब्द. कोर्टातही अर्थ तोच. माझ्याकडे देणी फेडण्याइतकं नाही, असं माणूस कोर्टाला लिहून देतो. देणी, देणेकरी आणि मालमत्ता यांची यादी जोडतो. कोर्टाने तो नादार आहे असा आदेश दिला की त्याची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते, ती विकून देणेकऱ्यांना हिश्शाने पैसे मिळतात, आणि पुढे कोर्ट त्याला त्या देण्यांतून मोकळं करतं. यात गुन्हा नाही आणि शिक्षाही नाही, मालमत्ता लपवली तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे मात्र "मुफलिस" म्हटलं की माणूस मान खाली घालतो आणि सल्ला घ्यायच्या ऐवजी रात्री सामान बांधतो.

महाराष्ट्रात मुंबई सोडून बाकी सगळीकडे, म्हणजे भिवंडी, मुंब्रा, मालेगाव, औरंगाबाद, सोलापूर, रत्नागिरी वगैरे ठिकाणी, साध्या माणसाच्या नादारीला १९२० सालचा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट लागतो. मुंबईला १९०९ सालचा वेगळा कायदा आहे, त्याचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात जातो. २०१६ साली आलेल्या नादारी व दिवाळखोरी संहितेबद्दल आपण बातम्यांमध्ये ऐकतो, पण तिचा व्यक्तींसाठीचा भाग सर्वसामान्य माणसाला अजून लागू केलेला नाही. अपवाद एक, आणि तो आपल्या घरांमध्ये सापडतो. भावाच्या किंवा मित्राच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या कर्जाला ज्याने जामीन म्हणून सही केली आहे, त्याला ती १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. "फक्त सही कर, बाकी मी बघतो" या वाक्याची किंमत अशी वसूल होते. अशा जामीनदाराचं प्रकरण नेहमीच्या दिवाणी कोर्टात न जाता कंपनी लॉ ट्रिब्युनलमध्ये चालतं, तेव्हा त्याने वेगळा सल्ला घ्यावा.

पगडीची खोली

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. पगडीची खोली म्हणजे कायद्याच्या भाषेत जुनी भाडेकरूची जागा. तिला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागतो. मोक्याच्या ठिकाणी अशा खोलीची किंमत लाखांत असते. म्हणून देणेकरी म्हणतात, खोली विक आणि पैसे दे.

पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये एक यादी आहे. कोर्टाचा हुकूमनामा घेऊन आलेल्या देणेकऱ्यालाही ज्या गोष्टींवर जप्ती आणता येत नाही, त्यांची ही यादी. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे. आणि याच यादीत भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या राहत्या घरातला भाडेकरूचा हक्कसुद्धा आहे. १९२०चा नादारी कायदा कलम २८ मध्ये सांगतो की संहितेने ज्या गोष्टी जप्तीतून वगळल्या आहेत, त्या नादाराच्या मालमत्तेत धरायच्या नाहीत. म्हणजे भिवंडीतल्या किंवा मालेगावातल्या भाडेकरूची राहती खोली रिसीव्हरच्या हातात जातच नाही. हे ऐकल्यावर त्या बाई वकिलांना दोनदा म्हणाल्या, "परत सांगा."

एक बारीक गोष्ट मात्र आहे. खोलीला संरक्षण आहे, खोलीच्या पैशांना नाही. तुम्ही स्वतःहून मालकाच्या संमतीने खोली दुसऱ्याच्या नावावर केलीत आणि पगडीचे पैसे घेतलेत, तर ती रोख रक्कम तुमची साधी मालमत्ता झाली आणि तिच्यावर देणेकऱ्यांचा हक्क आला. घरही गेलं, पैसेही गेले. आणि हे संरक्षण राहत्या घराला आहे, गाळ्याला किंवा दुकानाला नाही.

मुंबईत जरा सावध राहायला हवं. तिथल्या १९०९च्या कायद्यातली सूट देणारी यादी वेगळी आणि फार जुनी आहे. हत्यारे, कपडे, अंथरूण, भांडी, सामान, सगळं मिळून मूळ कायद्यात ३०० रुपयांपर्यंत. आज ३०० रुपयांत एक पातेलं येत नाही. भाड्याच्या खोलीचा त्यात उल्लेखच नाही. नेहमीच्या वसुलीच्या दाव्यात कलम ६० मुंबईतही तुमच्या बाजूला आहे, पण नादारीचा अर्ज स्वतःहून करण्याआधी मुंबईतल्या पगडीवाल्याने वकिलाला हा प्रश्न नेमका विचारावा: माझी खोली ऑफिशियल असायनीकडे जाईल का?

देणेकऱ्यांचं झालं, आता मालकाचं. "तू दिवाळखोर झालास, खोली खाली कर," असं शेठ म्हणू शकतो का? भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ मध्ये मालकाला कोणत्या कारणांसाठी जागा परत मागता येते ते लिहिलं आहे. त्यात परवानगीशिवाय पक्कं बांधकाम आहे, पोटभाडेकरू ठेवणं आहे, मालकाची स्वतःची खरी गरज आहे, पण भाडेकरू नादार झाला हे कारण नाही. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२च्या कायद्यात मात्र भाडेपट्ट्यात तशी अट घालायला मुभा आहे, की भाडेकरू नादार ठरला तर मालक जागा परत घेऊ शकेल. म्हणून करारात ही अट आहे का ते बघून घ्या, विशेषतः जिथे भाडे नियंत्रण कायदा लागू नाही अशा जागेत. जुन्या पगडीच्या खोल्यांना बहुतेक वेळा करारच नसतो, भाडेपावत्या असतात.

थकलेलं भाडं

मुलीच्या घरी दहा महिन्यांचं भाडं थकलं होतं. भाडं जुनं, फार थोडं. पण सुताच्या देण्यापुढे सहाशे रुपयांकडे कोण बघतो, असं झालं होतं. आणि नेमकं इथेच घर हातातून जाण्याची भीती होती.

कलम १५ असं आहे की भाडेकरू भाडं देत असेल किंवा द्यायला तयार असेल, तोवर मालकाला त्या कारणाने जागा मागता येत नाही. भाडं थकलं तर मालकाने आधी लेखी नोटीस द्यायची, मग ९० दिवस थांबायचं, त्यानंतरच दावा. दाव्याचं समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी दरसाल १५ टक्के साध्या व्याजाने कोर्टात भरली, पुढचं भाडंही नियमित भरत राहिला, आणि कोर्ट सांगेल तो खर्च दिला, तर त्या कारणाने घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. सहाशे रुपयांच्या भाड्याचे दहा महिने म्हणजे सहा हजार. त्यावर पूर्ण वर्षाचं व्याज धरलं तरी नऊशे. लाखांच्या खोलीसाठी हा हिशेब आहे. इतकी सवड देणारा कायदा आपल्या बाजूला असताना लोक नोटीस न उघडता कपाटावर टाकून देतात.

इथे नादारीचा एक घोटाळा होतो. अर्जाच्या यादीत थकलेलं भाडंही देणं म्हणून लिहितात, ते बरोबरच आहे. कोर्टाने नादार ठरवल्यावर त्या थकबाकीच्या वसुलीसाठी मालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय वेगळा दावा करता येत नाही. त्यामुळे माणसाला वाटतं, चला, भाड्यातूनही सुटलो. सुटलेला नसतो. पैशांची वसुली थांबली म्हणून जागा परत मागण्याचा दावा थांबतोच असं नाही, कारण तो जागेचा दावा आहे. त्यामुळे अर्ज केल्यानंतरचं चालू भाडं एक महिनाही चुकवू नये. मागची थकबाकी भरायची तर ती स्वतःच्या खिशातून अर्जाच्या तोंडावर भरण्याआधी वकिलाला विचारावं, कारण शेवटच्या तीन महिन्यांत एकाच देणेकऱ्याला झुकतं माप दिलं असं बाकीचे म्हणू शकतात. भाऊ, मुलगा किंवा बायको स्वतःच्या कमाईतून भरत असेल तर ती अडचण येत नाही. त्या घरात मुलीच्या मामाने भरले, बँकेतून, मालकाच्या खात्यात. मालकाने भाडं घेतल्यावर पावती देणं कायद्याने बंधनकारक आहे. तो देत नसेल तर निदान बँकेची नोंद तरी आपल्याकडे राहते.

लिव्ह अँड लायसन्स आणि हेवी डिपॉझिट

आजकाल बहुतेक तरुण जोडपी अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. हा भाडेपट्टा नाही, राहण्याची परवानगी आहे. ती कुणाला विकता येत नाही, म्हणून रिसीव्हरला त्यात घेण्यासारखं काही नसतं. पण भाडेकरूला मिळणारं कलम १५ चं कवचही इथे नाही. मुदत संपली की जागा सोडावी लागते. न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि तेव्हापासून ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई लागू शकते. नादारीमुळे यात काही बदलत नाही. करारात दोन महिने थकले तर रद्द, अशी अट असते, ती मात्र चालते. म्हणून पैसे कमी असतील तेव्हा आधी ही रक्कम द्या, क्रेडिट कार्डवाल्याचा फोन नंतर घेतला तरी चालेल.

करार नोंदवलेला असावा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं, उलट पुरावा येईपर्यंत, खरं धरलं जातं.

आता हेवी डिपॉझिट. मालकाला आठ-दहा लाख एकरकमी द्यायचे आणि भाडं नाममात्र किंवा काहीच नाही. मुंब्रा, कुर्ला, भिवंडी, सगळीकडे चालतं. याची शरई बाजू उलेमांनी सांगावी, मी हिशेबाची सांगते. दिवाळखोरीत सगळ्यात कच्चं घर हे. कारण ते आठ लाख तुमचे आहेत, फक्त मालकाकडे ठेवलेले. तुमची मालमत्ता म्हणून रिसीव्हर त्यांच्यावर हक्क सांगू शकतो, आणि डिपॉझिट गेलं की घर कशाच्या आधारावर राहणार? अर्जाच्या यादीत ही रक्कम लपवणं तर त्याहून वाईट, तो गुन्हा होतो. ती रक्कम बायकोचे दागिने मोडून उभी केली असेल, तर करार तिच्या नावावर आणि पैसे तिच्या खात्यातून गेलेले असायला हवे होते. रोखीने दिलं असेल तर नंतर कोण कसं सिद्ध करणार? मालकाचंच दिवाळं निघालं, फ्लॅट बँकेकडे गहाण निघाला, तरीही हेच डिपॉझिट आधी बुडतं. म्हणून पैसे देण्याआधी फ्लॅटवर कर्ज आहे का, एवढं तरी विचारा.

नावं कुणाची, हा प्रश्न सगळीकडेच महत्त्वाचा आहे. दिवाळखोरी एका माणसाची असते, घराण्याची नाही. भाडेपावती अम्मीच्या नावावर असेल आणि नादार मुलगा झाला असेल, तर त्या खोलीशी त्याच्या देणेकऱ्यांचा संबंध नाही. बायकोला मिळालेले दागिने तिचे आहेत. न दिलेली मेहर हे तर नवऱ्यावरचं कर्ज आहे, देणेकऱ्यांच्या यादीत तिचंही नाव येऊ शकतं. हे ऐकून आमच्या स्टाफरूममध्ये बरंच हसू झालं, पण खरं आहे ते.

पण म्हणून दिवाळं दिसायला लागल्यावर घाईने सगळं बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करू नका. नादार ठरण्याआधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेलं असं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं. त्यातून माणसाच्या इमानदारीवर शंका येते आणि देण्यांतून सुटका लांबते ती वेगळीच.

घाबरून केलेल्या आणखी दोन गोष्टी महागात पडतात. एक, देणेकऱ्यांच्या त्रासाला कंटाळून खोलीला कुलूप लावून गावी जाऊन राहणं. रास्त कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर ते मालकाला जागा मागायला कारण मिळतं. निदान कुटुंबातलं कुणीतरी तिथे राहायला हवं, वीजबिल येत राहायला हवं. दुसरी, चार पैसे मिळावेत म्हणून खोली गुपचूप दुसऱ्याला भाड्याने देणं. पोटभाडेकरू सापडला की मालकाचं काम सोपं झालं. मुलीच्या वडिलांनी दोन्ही करायचं ठरवलं होतं, आधी गावी जायचं आणि खोलीत एका कामगाराला ठेवायचं!

दारावर येणाऱ्या वसुलीवाल्यांबद्दल. "घराला सील लावतो, सामान बाहेर काढतो," ही त्यांची नेहमीची भाषा. बँकेला फक्त गहाण ठेवलेली मालमत्ता ताब्यात घेता येते, तीही कायद्याच्या मार्गाने. भाड्याचं घर तुम्ही गहाण ठेवलेलंच नसतं. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करू नये असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. खासगी सावकाराकडे परवाना नसेल तर त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते, त्यासाठी २०१४चा सावकारी कायदा आहे. आणि मालकानेच पाणी किंवा वीज तोडली, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली कोर्टात जाता येतं. कोर्टाच्या हुकमाशिवाय जबरदस्तीने बाहेर काढलं तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा करता येतो. सहा महिन्यांनंतर ही वाट बंद होते.

नादार ठरल्यावर नवीन घर शोधायची वेळ आली तर? नादारीचा आदेश राजपत्रात छापला जातो, पण घरमालक राजपत्र वाचत बसत नाहीत. तरी विचारलं तर खोटं बोलू नये. देण्यांतून मोकळा न झालेला माणूस ही गोष्ट न सांगता ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेतो, तर १९२०च्या कायद्याने तो गुन्हा आहे. डिपॉझिट नंतर देतो म्हणून घर घेणं हे त्याच्या फार जवळ जातं. अशा वेळी करार घरातल्या दुसऱ्या कमावत्या माणसाच्या नावावर झाला तर सगळ्यांनाच सोपं.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत ही खरी अडचण असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली स्त्रियांना उत्पन्न कितीही असो मोफत वकील मिळतो, पुरुषांना उत्पन्नाच्या मर्यादेत. प्रत्येक जिल्हा न्यायालयात आणि तालुक्याच्या कोर्टात ही कचेरी असते, देशभरासाठी १५१०० हा फोन नंबर आहे. जाताना भाडेपावत्या (जुन्या, सापडतील तितक्या), करार असेल तर तो, वीजबिल, रेशनकार्ड, आलेली प्रत्येक नोटीस पाकिटासकट, आणि कुणाचं किती देणं आहे ते एका कागदावर लिहून न्या. पाकीट यासाठी, की ९० दिवस कधीपासून मोजायचे ते त्यावरून सांगता येतं. त्या बाईंनी पाकिटं चुलीत टाकली होती. मग पोस्टातून तारीख काढून आणावी लागली.